चुंबळ आणि अंबाडा

राजाच्या मस्तकावर छत्र केव्हा धरले गेले हे इतिहास तिथिवारासह सांगतो. परंतु त्याच राज्यातील एखाद्या गवळणीच्या मस्तकावर रोज काय चढत-उतरत होते, हे नोंदण्याची त्यास गरज भासत नाही. ता. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवछत्रपतींस राज्याभिषेक झाला. त्या समारंभाची वर्णने आपल्या बखरकारांनी लिहिली व इंग्रजांच्या वकिलानेही लिहिली. गडाच्या पायथ्याची हिरकणीवाडी मात्र एका आख्यायिकेवर जगत आली आहे. दूध विकण्यास गडावर गेलेली हिरकणी, कोजागिरीची संध्याकाळ, मिटलेले दरवाजे, घरी एकटे राहिलेले तान्हे मूल, आणि त्या मुलाच्या ओढीने अंधारात कडा उतरलेली आई, ही कथा मराठी मुलांस अक्षरओळख होण्यापूर्वीच ठाऊक होते. महाराजांनी त्या जागी बुरूज बांधविला व त्यास तिचेच नाव दिले, असे परंपरा सांगते. इ. स. १९९६ पासून याच वाडीतून रज्जुमार्ग सुरू झाला आहे आणि गडाची चढण प्रवासी आता काही मिनिटांत संपवितात.

ही कथा शेकडो वेळा सांगितली गेली. तिच्यात हिरकणीचे धैर्य आले, वात्सल्य आले, राजाचे औदार्य आले. चुंबळ मात्र कोणी आणली नाही. दुधाचे भांडे घेऊन डोंगर चढणाऱ्या बाईच्या डोक्यावर चुंबळ असावयाचीच. जुनेर पिळून, गोल वळवून केलेले ते कडे केसांवर ठेवावयाचे आणि त्यावर दूध, पाणी, लाकूडफाटा, भाताचे भारे वाहावयाचे, हा सह्याद्रीच्या पायथ्याचा शतकानुशतकांचा रिवाज होय. केशसंवर्धनावर लिहावयास बसणाऱ्याने प्रथम या चुंबळीकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. केस निरोगी कसे राखावेत या प्रश्नाचे उत्तर आपण नेहमी तेलाच्या वाटीपासून देऊ लागतो. परंतु तेलाची वाटी हाती घेण्यापूर्वी तीन गोष्टी असाव्या लागतात: डोक्यावरून घेण्यापुरते पाणी, ते घेण्यापुरता वेळ, आणि ते डोके आपलेच आहे असे म्हणण्याचा हक्क. या तिन्ही गोष्टी महाराष्ट्रातील किती जणींस एकदम लाभल्या, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

तथापि प्रथम ती जुनी रीत नीट पाहून घेऊ. कारण ती उपेक्षणीय खास नाही. आपल्या घरांतून ‘आंघोळ’ आणि ‘न्हाणे’ हे शब्द वेगळ्या अर्थांनी चालतात. अंगावरून पाणी घेतले ती आंघोळ. डोक्यावरून घेतले तर ते न्हाणे. आंघोळ रोजची, न्हाणे ठराविक वाराचे. न्हाण्याच्या आदल्या रात्री किंवा त्या दिवशी पहाटे डोक्यास तेल लावावयाचे. कोकणात ते बहुधा खोबरेल, घाटावर पुष्कळदा तिळाचे. माका, आवळा, ब्राह्मी, जास्वंदीची फुले यांपैकी जे परसात मिळेल ते त्यात कढवीत. बोटांच्या पेरांनी केसांच्या मुळांशी तेल जिरवून मग शिकेकाई. वाळलेल्या शेंगा रिठ्यासह भिजवून उकळावयाच्या, त्यात आवळकाठी, नागरमोथा, गव्हला-कचोरा घालावयाचा, ते पाणी फडक्याने गाळून घ्यावयाचे आणि डोळे घट्ट मिटून डोक्यावर चोळावयाचे. रिठा डोळ्यांत गेला म्हणजे काय होते, हे ज्यास लहानपणी आईने न्हाऊ घातले आहे त्यास सांगावयास नको. नंतर केस पंचाने टिपून पाठीवर मोकळे सोडावयाचे. बाळंतिणीस तर ते वाळविण्याकरिता शेगडीतील निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, ऊद टाकून धुरी दिली जाई. मग लाकडी फणीने गुंता काढावयाचा, तोही टोकांकडून मुळांकडे चढत.

यानंतर रचना. मुलींची तिपेडी वेणी, सणावारी पाचपेडी. विवाहितेचा अंबाडा वा खोपा. केस अपुरे वाटल्यास गंगावन. त्यावर राखडी, मूद, केवडा, नाग-गोंडे हे दागिने. कोकणात सुरंगीचे वळेसर, बकुळीच्या माळा, अबोलीची वेणी. ही हौस अर्वाचीन नव्हे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील दंपतिशिल्पांकडे अथवा अजिंठ्याच्या भिंतींवरील स्त्रियांकडे पाहणारास दोन हजार वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात केशरचना ही स्वतंत्र कला होती, हे निराळे सांगावे लागत नाही. आणि ही केवळ स्त्रियांची बाब होती असेही नव्हे. शेंडी, घेरा, संजाब, झुलपे, कल्ले यांवरून पुरुषाची जात, वृत्ती व वय ओळखता येत असे. आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे लावून घेण्यास घरातील पुरुषांचाच पाट प्रथम मांडला जाई.

या रीतीमागे शास्त्राधारही होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘मात्राशितीय’ नामक पाचव्या अध्यायात मस्तकास नित्य तेल लावण्याचे गुण सांगितले आहेत: शिरोवेदना, टक्कल, अकाली पिकणे व गळणे यांपासून रक्षण होऊन केस काळे, लांब व दृढमूल होतात, असा त्याचा आशय आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात एक सूक्ष्म भेद केला आहे. ऊन पाणी मानेखालील शरीरास बल देते, परंतु तेच मस्तकावर घेतले तर केसांचे व डोळ्यांचे बल हरण करते, असे तो म्हणतो. ज्या काळी केसाची रचना पाहण्यास सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हते त्या काळी केवळ निरीक्षणाने हा विवेक केला गेला, याचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

आता आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात या रीतीपैकी किती टिकते, हे निःपक्षपातीपणाने पाहिले पाहिजे. केसाचा जो भाग आपणांस दिसतो तो निर्जीव आहे. केराटिन नामक प्रथिनाची ती एक दोरी, आणि तिच्यावर माशाच्या खवल्यांप्रमाणे एकावर एक बसलेल्या पापुद्र्यांचे आवरण. जिवंत असते ते केवळ त्वचेतील मूळ. माणसाच्या डोक्यावर सुमारे लाखभर केस असतात. प्रत्येक महिन्यास साधारण एक सेंटिमीटर वाढतो. काही वर्षे वाढून विसावा घेतो आणि गळून पडतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा निसर्गक्रम होय. यावरून दोन गोष्टी निघतात. वरून लावलेले कोणतेही तेल निर्जीव दोरीस जिवंत करू शकत नाही. आणि केस कापल्याने वा भादरल्याने तो दाट होऊन उगवतो, हा समज निराधार आहे, कारण वस्तरा मुळापर्यंत पोचतच नाही. परंतु जी दोरी आहे ती झिजू न देणे, हे मात्र आपल्या हाती आहे. आणि येथेच जुन्या रीतीचे खरे मोल कळते.

खोबरेलाचेच पाहा. मुंबईच्या आरती रेळे व आर. बी. मोहिले या संशोधकांनी इ. स. २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खनिज तेल, सूर्यफुलाचे तेल व खोबरेल यांची तुलना केली. न्हाण्यापूर्वी वा नंतर लाविले असता केसांतून होणारी प्रथिनाची झीज खोबरेलाने लक्षणीय कमी झाली. इतर दोन तेलांनी तसे घडले नाही. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ असल्याने तो केसाच्या गाभ्यात शिरतो, आणि मग पाण्याने केस फुगण्याचे प्रमाण घटते, अशी त्याची उपपत्ती आहे. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्याच मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतील होते, हे ध्यानात ठेवावे. तथापि त्यांनी मोजलेले आकडे परीक्षणास खुले आहेत. शिकेकाई व रिठा यांत फेस आणणारी सॅपोनिन द्रव्ये असतात; ती मळ काढतात. शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असल्याने केसावरील खवले मिटलेले राहतात. उलट साबण अल्कधर्मी, त्याने ते उघडतात, व जड पाण्यात त्याची साकळी केसांवर बसते. ओला केस कोरड्याहून दुबळा, म्हणून तो हळुवार टिपावा व टोकांकडून विंचरावा, ही आजीची शिस्तही शास्त्रास धरूनच आहे. मुळाशी ताण बसेल एवढी घट्ट वेणी नित्य घातली, तर कपाळालगतचे केस विरळ होतात, हे मात्र आजीस सांगावयास हवे होते.

यापुढे केसांचे आरोग्य तेलात नसून ताटात आहे. शरीरात लोह उणे पडले, आहारातील प्रथिने घटली किंवा दीर्घ ज्वर आला, म्हणजे काही आठवड्यांनी केस ओंजळीने गळू लागतात. बाळंतपणानंतर दुसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास होणारी गळ बहुतेक प्रत्येक मातेस ठाऊक असते. गरोदरपणात जे केस गळावयाचे थांबलेले असतात ते एकदम गळतात, आणि वर्षभरात बहुधा पूर्ववत् होतात. तेव्हा मूल अंगावर पिणाऱ्या बाईस जर कोणी केसांकरिता काही द्यावयाचे असेल, तर ते माक्याच्या तेलाआधी पोटभर अन्न व विश्रांती हे होय. कथेतल्या हिरकणीची अवस्था हीच होती: तान्हे मूल घरी, डोक्यावर भांडे, आणि समोर रायगडाची चढण.

आता पहिली अट, पाणी. लांब केस नीट न्हावयाचे म्हणजे तेल, शिकेकाई व तिचा चोथा निघून जाईपर्यंत घागरीमागून घागर ओतावी लागते. महाड-पोलादपूर भागात वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सावित्री, काळ, गांधारी या नद्या पावसाळ्यात दुथडी वाहतात. पण काळा पत्थर पाणी धरीत नाही, आणि उतारावरून ते पाहता पाहता समुद्रास मिळते. गड वसविणारांस याची पुरती जाण होती. रायगडावर गंगासागरासारखे तलाव व टाकी खोदली गेली. पायथ्याच्या पाचाडास जिजाबाईंचा वाडा होता, तेथे बांधीव विहिरी झाल्या. त्यांपैकी एकीस ‘तक्क्याची विहीर’ म्हणतात. तिच्या काठच्या दगडी तक्क्याशी बसून महाराज पाण्यास येणाऱ्या बायांची सुखदुःखे विचारीत, अशी आठवण लोक सांगतात. आख्यायिका म्हणून जरी ती घेतली, तरी बायांचे सुखदुःख विचारावयाचे तर विहिरीवर बसावे, एवढे शहाणपण तिच्यात आहे. आजही, नळाच्या योजना पुष्कळ ठिकाणी झाल्या असताना, उन्हाळ्यात या दोन तालुक्यांतील कित्येक वाड्यांची दृष्टी टँकरच्या वाटेकडे लागलेली असते.

आणि पाणी दूर असले म्हणजे ते आणावयाचे कोणी व कशावर? तेच डोके, तीच चुंबळ. ज्या माथ्यावरून पाणी घ्यावयाचे त्याच माथ्यावरून ते वाहावयाचे. भरल्या हंड्याचे ओझे, त्याखाली चुंबळीचे घर्षण, मध्यान्हीचे ऊन आणि घाम, यांनी माथ्यावरचे केस झिजतात व तुटतात. आणि एवढे करून आणलेले पाणी प्रथम स्वयंपाकास, मग जनावरांस, मग मुलांस. उरले तर न्हाणे. अंबाड्याची सारी शोभा ज्या पाण्यावर उभी आहे ते पाणी दुसऱ्या कोणाच्या तरी चुंबळीवरून घरात आलेले असते, हे आपल्या सुखवस्तू घरांनी सोयीस्करपणे विसरलेले सत्य आहे.

पाण्याची वाट नुसती लांबच नव्हती. कित्येकांकरिता ती बंद होती. महाड गाव रायगडापासून दूर नाही. तेथील चवदार तळे सार्वजनिक असूनही अस्पृश्य मानलेल्या समाजास त्यातील थेंबही घेण्याची मुभा नव्हती. सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने इ. स. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले केले व पुढे महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचे ठरविले. तरी त्यावर अंमल झाला नाही. ता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी हजारो अनुयायांसह जाऊन त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याची ‘शुद्धी’ झाली, खटला चालला, आणि ता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. इ. स. १९२७ च्या डिसेंबरात त्याच महाडात डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांसमोर भाषण केले, त्यात स्वच्छ राहा, हीनपणाची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत व दागिने टाकून द्या, असा उपदेश होता. पाणवठ्याचा लढा आणि देहाची टापटीप ही त्यांच्या मते एकाच प्रश्नाची दोन अंगे होती. ज्यास पाणीच नाकारले त्यास पुन्हा ‘मळकट’ म्हणून हिणवावयाचे, या न्यायातील क्रौर्य त्यांनी नेमके ओळखले होते.

केसांची गोष्ट तर त्यांच्या बालपणातच आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात ते सांगतात की, साताऱ्यास असताना भावंडांचे केस कापण्याचे काम थोरली बहीण करी. गावात न्हावी नव्हते असे नव्हे, आणि त्यास द्यावयास घरी पैसा नव्हता असेही नव्हे. अस्पृश्याच्या डोक्यास हात लावण्यास कोणी न्हावी तयार नव्हता. त्या बहिणीचा हात सरावाने चांगला बसला होता, हेही ते नमूद करतात. केशकर्तनाच्या इतिहासात याहून बोलके पान क्वचितच सापडेल.

आणि ज्यांच्या घरी पाणी होते, वेळ होता, शिकेकाई होती, फुले होती, त्यांचे काय? येथे इतिहास दुसरेच पान उलटतो. मुख्यतः ब्राह्मण कुटुंबांत, व त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत, पती वारला की स्त्रीचे केस वस्तऱ्याने काढले जात. आणि एकदाच नव्हे, तर पुढे आयुष्यभर. वय पाहिले जात नसे. बारा-पंधरा वर्षांच्या मुलीही त्यातून सुटत नसत. सकेशा विधवेच्या हातचे पाणी धर्मकृत्यास चालत नसे. ज्या अंबाड्यावर काल राखडी होती, तो आज न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली. म्हणजे ज्या केसांस वर्षानुवर्षे तेल घातले, ते तिचे कधी नव्हतेच. पतीच्या आयुष्याइतक्या मुदतीने ते तिच्याकडे ठेव म्हणून होते. गवळणीस डोके स्वतःचे होते पण वेळ व पाणी नव्हते. वाड्यातील स्त्रीस वेळ व पाणी होते पण डोके स्वतःचे नव्हते. आमच्या केशसंवर्धनाच्या इतिहासाचे सार एवढ्यातच आहे.

या अन्यायास प्रथम शब्द देणाऱ्यांत ताराबाई शिंदे या अग्रगण्य होत. इ. स. १८८२ च्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकात त्यांनी पुरुषांस सरळ विचारले की, पती गेल्यावर स्त्रीने जर विद्रूप होऊन कोपऱ्यात बसावयाचे, तर पत्नी गेल्यावर पुरुषाने दाढीमिशा भादरून अरण्यात का जाऊ नये? इ. स. १८८८ मध्ये निघालेल्या ‘सुधारका’तून आगरकरांनी केशवपनाविरुद्ध आपली लेखणी झिजविली. ता. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ही पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली. गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी वपन केलेल्या अवस्थेतच कर्व्यांच्या आश्रमाकरिता गावोगाव निधी मागितला, पुढे विचारपूर्वक ती रूढी सोडली आणि अमेरिकेपर्यंत प्रवास केला. केस वाढू देणे ही कृती दिसावयास केवढी साधी! न्हाव्यास परत पाठवावयाचे, एवढेच. पण त्यास किती धैर्य लागे, हे त्यांच्या ‘माझी कहाणी’ या पुस्तकावरून कळून येते.

तथापि या प्रकरणातील एक अध्याय आमच्या मध्यमवर्गाने पुरेसा लक्षात ठेवलेला नाही. वस्तरा ज्यांच्या हाती होता त्यांनीच तो खाली ठेवण्याचे ठरविले. इ. स. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिक बांधवांची सभा भरली, आणि विधवांचे वपन यापुढे करावयाचे नाही, असे त्या शेकडो लोकांनी ठरविले. विद्वानांचा शास्त्रार्थ वर्षानुवर्षे चालला होता. या श्रमजीवी माणसांनी आपल्या उपजीविकेवर निखारा ठेवून त्याचे उत्तर दिले. सुधारणेचे श्रेय वाटताना ग्रंथकर्त्यांच्या पंक्तीस त्यांचे पान मांडले गेले पाहिजे.

योगायोग असा की, त्याच वर्षी त्याच लोखंड्यांच्या चळवळीस दुसरे यश आले. मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची साप्ताहिक सुटी जून १८९० मध्ये मिळाली. कोकणातून, महाड-पोलादपुराकडूनही, पोट भरण्यास मुंबईस गेलेल्या कामगारांस आठवड्यातून एक दिवस स्वतःचा म्हणून लाभला. आज असंख्य मराठी घरांत रविवार हाच न्हाण्याचा वार आहे. तेल चोळावयास, केस वाळवावयास, मुलींच्या वेण्या घालावयास लागणारा वेळ हा आकाशातून पडला नाही. तो मागून, भांडून घ्यावा लागला, ही गोष्ट रविवारी फणी हाती घेताना आठवावी अशी आहे.

राहता राहिला बाजार. येथे एका शब्दाची मुशाफिरी मोठी मनोरंजक आहे. हिंदीतील ‘चाँपना’, म्हणजे अंग चेपणे, यापासून इंग्रजीत ‘शॅम्पू’ हा शब्द गेला. पाटण्यास १७५९ मध्ये जन्मलेल्या दीन महंमद या गृहस्थाने इंग्लंडातील ब्रायटन येथे बाष्पस्नान व चंपीचे घर काढले व राजघराण्याची चाकरी मिळविली. चंपीचा तो शब्द पुढे केस धुण्याच्या द्रव्यास चिकटला, आणि शेवटी परदेशी बाटलीत बसून आपल्याकडे परत आला. मधल्या काळात देशी तेलवाल्यांचीही भरभराट झाली. मराठी मासिकांच्या मलपृष्ठांवर कामिनिया तेलाच्या जाहिराती झळकत, कलकत्त्याच्या एच. बोस यांनी तर आपल्या कुंतलीन तेलाच्या नावे कथास्पर्धा काढली, आणि इ. स. १८९६ मध्ये तिचे पारितोषिक शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांच्या कथेस मिळाले. त्या कथेत तेलाच्या बाटलीने समुद्रातील वादळ शमते! तेलाचे इतके सामर्थ्य मग कोणत्याही जाहिरातदारास वर्णिता आले नाही. इ. स. १९८३ मध्ये तामिळनाडूतून ‘चिक’ शॅम्पूची स्वस्त पुडी निघाली, आणि अशा पुड्यांच्या माळा खेड्यापाड्यांतील दुकानांत लोंबू लागल्या.

या पुडीस नाक मुरडण्याची आमच्यात प्रथा आहे. आम्ही तीत सामील होत नाही. शिकेकाई उकळण्यास सरपण, वेळ व पाणी तिन्ही लागतात. पुडीस थोडेच पाणी पुरते आणि वेळ तर नाममात्र. दिवसभर शेतात वा कंपनीत राबून आलेल्या बाईने ती निवडली, तर तिने परंपरा बुडविली असे नव्हे, तर आपल्या वाट्याच्या घागरीचा हिशेब मांडला. दोष द्यावयाचा तर तो त्या जाहिरातीस द्यावा, जी केसाच्या निर्जीव दोरीस ‘पोषण’ देण्याचे वचन विकते, आणि ज्या लोहावाचून ते केस गळत आहेत त्याविषयी अवाक्षर काढीत नाही.

तेव्हा केसांची निगा कशी राखावी, असे कोणी विचारील तर उत्तर अवघड नाही. न्हाण्यापूर्वी थोडे खोबरेल लावावे. शिकेकाईने वा सौम्य शॅम्पूने, फार ऊन नसलेल्या पाण्याने न्हावे. ओले केस चोळू नयेत. फणी टोकांकडून चालवावी. वेणी सैल घालावी. भाजी, डाळ, मिळेल तर अंडे-मासळी पोटभर खावी. आणि गळती थांबेना तर तेल बदलण्याऐवजी वैद्यास वा डॉक्टरास दाखवावे. एवढे नियम पोस्टकार्डावर मावतात. जे पोस्टकार्डावर मावत नाही ते हे, की हे नियम पाळण्याची सवड प्रत्येकीस असावी. रायगडाच्या पायथ्याच्या वाड्यांत ज्या दिवशी वैशाखातही दाराशी पाणी येईल व चुंबळ खुंटीवरून काढावी लागणार नाही, तो दिवस महाराष्ट्राच्या केशसंवर्धनाच्या इतिहासात कोणत्याही नव्या तेलाच्या शोधाहून मोठा मानला जावा.